चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

गेल्या महिन्यात वेलिंग्टनहून त्रिचीला निघालो होतो. निलगिरीचा घाट उतरलो, कोइम्बतूर मागे पडलं आणि करूर वीसेक किलोमीटरवर असताना समोर एक अजब वरात लागली. एकामागून एक सहा बस. बस म्हणायचं ते चाकं आणि इंजिन होतं म्हणून. बाकी छत नाही, भिंती नाहीत, काच नाही. लांबलचक दोन लोखंडी पट्ट्या, स्टिअरिंगचं चाक आणि एका लाकडी खोक्यावर बसलेला ड्रायव्हर. तोंडाला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. ऊन, वारा, धूळ सगळं थेट अंगावर.

माझा चालक हरियाणाचा नायक आहे. त्याने ओव्हरटेक करताना गाडी जरा हळू केली, नीट बघून घेतलं आणि विचारलं, "साब, इनकी बॉडी कहाँ गई?"

"गई नहीं, अभी लगनी है," मी म्हणालो.

करूर हे बसच्या बॉड्या बांधणाऱ्यांचं गाव आहे. कारखान्यातून नुसती चॅसिस निघते, ती अशी उघडीवाघडी इथे येते आणि काही आठवड्यांनी रंगीबेरंगी बस होऊन बाहेर पडते. नायकाला एवढं सांगितलं आणि गप्प बसलो. पण त्या सहा गाड्या डोक्यातून जाईनात, कारण हे दृश्य मी लहानपणापासून बघत आलो आहे.

माझं लहानपण दापोडीत गेलं. बाबा एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते. तिथे कोणी चॅसिस म्हणत नसे, 'चासी' म्हणत. मीही या लेखात तेच म्हणणार आहे. "आज आठ चासी आल्या," असं बाबा संध्याकाळी सांगत, जसं शेतकरी पावसाबद्दल सांगतो तसं. रस्त्याने एसटी गेली की बाबा लांबून बघून सांगायचे, ही आपल्याकडची, ही चिकलठाण्याची, ही हिंगण्याची. कशावरून, ते मला कधी कळलं नाही. त्यांना पत्र्याचा जोड दिसत असे, मला फक्त लाल रंग.

पुढे मी खडकवासल्याला गेलो, एनडीए आणि आयएमए करून आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये आलो. गाड्या हाच पेशा झाला. मग वाचनातही गाड्याच आल्या. वाचता वाचता कळलं की बाबांच्या वर्कशॉपातली ही पद्धत, म्हणजे चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, मुळात ब्रिटनमधून आली आहे. तिथे ती जवळजवळ शंभर वर्षं चालली, मोडायला निघाली आणि मोडता मोडता परत उभी राहिली. आजची गोष्ट तिची.

सुरुवात घोड्यांपासून. मोटार यायच्या आधी इंग्लंडातल्या गावोगावी बग्ग्या बांधणारे होते. सुतार, लोहार, पत्रेवाला, गाद्या शिवणारा आणि रंगारी एका छपराखाली काम करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारबस आली तेव्हा इंजिन, गिअर आणि ॲक्सल बनवणारे इंजिनिअर लोक वेगळे होते. त्यांना लाकडातलं आणि गादीतलं काही कळत नव्हतं, आणि बग्गीवाल्यांना इंजिनातलं. दोघांनी आपापलं काम आपल्याकडे ठेवलं. लेलँड, एईसी, डेनिस, ॲल्बियन, गाय, डेमलर, ब्रिस्टल ही चासीवाल्यांची नावं. बॉडीवाले त्याहून कितीतरी जास्त.

यात गिऱ्हाइकाचा फायदा होता. चासी महाग, बॉडी तुलनेने स्वस्त. काही छोटे मालक एका चासीसाठी दोन बॉड्या ठेवत. आठवडाभर मालाची लॉरी, रविवारी मालाची बॉडी उतरवून सहलीची उघडी बाकांची बॉडी चढवायची आणि लोकांना समुद्रावर न्यायचं. पुढे नावारूपाला आलेल्या 'डुपल' या लंडनच्या कंपनीचं नावच या दुहेरी उपयोगावरून पडलं. 1919मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची पहिली कल्पना अशी होती की एकच छोटी गाडी हवी तेव्हा प्रवासी मोटार आणि हवी तेव्हा मालाची व्हॅन व्हावी.

बॉडी बदलता येते याचा उपयोग सैन्यालाही झाला. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने 1910मध्ये 'बी टाइप' नावाची दुमजली बस काढली. 1914मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा यातल्या सुमारे 900 बस चालक-मेकॅनिकांसह फ्रान्स आणि बेल्जियममध्ये गेल्या. काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकल्या, लाल रंगावर खाकी फासला आणि एका बसमध्ये सामानासकट पंचवीसेक जवान बसवले. काहींची बॉडी काढून त्यावर लॉरीचा हौदा चढवला. काहींची रुग्णवाहिका झाली, आणि काही तर संदेश नेणाऱ्या कबुतरांची फिरती खुराडी झाल्या.

ऑक्टोबर 1914मध्ये लाहोर डिव्हिजनच्या तुकड्या यप्रच्या आघाडीवर घाईने पाठवल्या गेल्या तेव्हा आपल्या जवानांनाही याच लंडनच्या बसमधून नेलं होतं. पंजाबातून, सरहद्दीवरून आलेली, उन्हाळी कपड्यातली पोरं लंडनच्या बसमध्ये बसून बेल्जियमच्या चिखलात उतरली. त्या महिन्याच्या अखेरीस होलेबेक इथे 129 बलुचीच्या शिपाई खुदादाद खानने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या बसपैकी 'ओल बिल' हे टोपणनाव मिळालेली बी 43 लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहात जपलेली आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बी टाइप ही ऑफ रोड न होणारी गाडी. वरचं काहीही बदला, खालचं चालत राहिलं.

युद्ध संपलं आणि या धंद्याचा सुवर्णकाळ आला. 1927मध्ये लेलँडने 'टायटन' ही दुमजली बसची चासी काढली. जॉन रॅकहॅम नावाच्या इंजिनिअरने चासीची पट्टी ॲक्सलवरून वाकवून खाली आणली. त्यामुळे बसची उंची घटली, छत घालता आलं आणि कमी उंचीच्या रेल्वेपुलाखालूनही बस जाऊ लागली. लेलँडचं स्वतःचं बॉडी शॉप होतं, तरी त्यांनी टायटनची बॉडी बांधायचे परवाने इतरांनाही दिले. पुढच्याच वर्षी रॅकहॅम एईसीत गेला आणि तिथे त्याने 'रीजेंट' काढली. या दोन चाश्यांवर देशभरच्या बॉडीवाल्यांची पिढी पोसली गेली.

हे बॉडीवाले कोण होते, बघा. स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात प्लॅक्स्टन नावाचा सुतारकाम आणि बांधकाम करणारा माणूस होता. 1907पासून तो घरं आणि दुकानं बांधत होता, मग बसच्या बॉड्या बांधू लागला. ॲडलस्टोनच्या 'वायमन' कंपनीचा मूळ पुरुष वैमानिक होता. विमानासारखा हलका लाकडी सांगाडा करायचा, लाकूड लाकडाला घासू नये म्हणून सांध्यात धातूची पट्टी ठेवायची आणि वरून कापड ताणायचं, ही त्याची युक्ती. गाडी कुरकुरत नसे. रोचेस्टरचे 'शॉर्ट ब्रदर्स' समुद्री विमानं बनवत आणि मधल्या काळात बसच्या बॉड्याही. लीड्समध्ये चार्ल्स रो याने 1917मध्ये काम सुरू केलं. त्याची ओळख म्हणजे सागवानी सांगाडा. इतर ठिकाणी ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वापरत, रोकडे सागवान. खालच्या खिडक्यांच्या तळाशी पत्र्याला बाहेर येणारा एक उभार असे. तो दिसला की माहीतगार माणूस म्हणे, ही रोची. हे वाचलं आणि मला बाबा आठवले.

विगन हे लँकशरमधलं गाव. तिथे 'नॉर्दर्न काउंटीज' आणि 'मॅसी' असे दोन बॉडीवाले होते. नगरपालिकेला बस घ्यायच्या असल्या की ऑर्डर दोघांत वाटली जाई. नगरसेवकांना मतं हवी होती आणि कारागीर त्याच गावचे मतदार होते. याला कोणी राजकारण म्हणेल, पण त्यामुळे प्रत्येक गावची बस त्या गावची दिसत असे. रंग, खिडक्या, सीटवरच्या कापडाची नक्षी, सगळं वेगळं.

आता काम कसं चालायचं ते सांगतो. बस कंपनी आधी लेलँड किंवा एईसीकडे चासी मागवी. ती तयार झाली की चालक तिला रस्त्याने बॉडीवाल्याकडे नेई. कातडी कोट, गॉगल आणि खाली तात्पुरती सीट. करूरच्या रस्त्यावरचा तो पंचावाला ड्रायव्हर आणि लँकशरच्या पावसात लंडनकडे निघालेला हा ड्रायव्हर यांच्यात फरक एवढाच, की एकाला ऊन लागत होतं आणि दुसऱ्याला थंडी.

चासी आली की तिच्यावर आडव्या तुळया बसवायच्या. मग उभे खांब, खिडक्यांच्या वरची लांब पट्टी आणि छताच्या कमानी. हा सांगाडा उभा राहिला की बाहेरून पत्रा. सपाट पत्रा कोणीही लावेल. छताचे गोल कोपरे मात्र हातोडीने ठोकून घडवावे लागत, आणि ते काम मोजक्या हातांचं. नंतर काचा, सीट, वायरिंग, रंगाचे थरावर थर आणि शेवटी अक्षरं काढणारा पेंटर.

दुमजली बसला शेवटी एक परीक्षा द्यावी लागे. वरच्या मजल्यावर पूर्ण प्रवाशांच्या वजनाइतका भार ठेवायचा, खाली फक्त चालक आणि कंडक्टर यांच्यापुरता, आणि बस एका फळीवर कलती करत न्यायची. 28 अंशांपर्यंत उलटली नाही तर पास. जुन्या छायाचित्रांत बस अशी तिरकी उभी दिसते की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. या परीक्षेत चासीवाला आणि बॉडीवाला दोघेही उमेदवार असत. चासी कितीही चांगली असली तरी बॉडी वरच्या बाजूला जड झाली की संपलं. एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर जायची. म्हणून चासीवाले आपली मापं आणि वजनाच्या मर्यादा काटेकोर कळवत आणि बॉडीवाले त्या पाळत. दोन वेगळ्या कंपन्यांचा हा संसार कागदावरच्या मापांच्या भरवशावर चालत होता.

दुसऱ्या महायुद्धाने या संसाराची परीक्षा घेतली. 1940मध्ये बसचं उत्पादन थांबवलं गेलं. मग लक्षात आलं की कारखान्यात जाणाऱ्या कामगारांना बस लागतेच. 1942पासून वुल्व्हरहॅम्प्टनच्या गाय कंपनीची 'ॲरब' ही चासी आली. दणकट आणि जड, कारण ॲल्युमिनियम विमानांना लागत होतं. तिच्यावरची बॉडी सरकारने ठरवलेल्या नमुन्याची असे. उघडणाऱ्या खिडक्या मोजक्या, पुढे पुढे सीटही लाकडी पट्ट्यांच्या. छताचे कोपरे गोल नाहीत, तर सरळ पत्र्याचे तुकडे जोडून केलेले, कारण गोलाई ठोकणारे कारागीर विमानांच्या कामाला लावले होते. आणि लाकूड ओलं. वाळवायला वेळ कुणाला होता?

त्या ओल्या लाकडाने सूड घेतला. युद्ध संपून पाच-सात वर्षं झाली आणि बॉड्या कुजू लागल्या. सांधे सैल, छत गळकं, खांब भुसभुशीत. पण खालची ॲरब आणि तिचं गार्डनर इंजिन ठणठणीत. लंडनने आपल्या 400हून जास्त गाय बस विकायला काढल्या. त्यातल्या 60 एडिंबरा नगरपालिकेने घेतल्या, जुन्या बॉड्या काढून फेकल्या आणि 1952-53च्या सुमारास त्यांच्यावर डुपलच्या जोडकंपनीकडून नव्या बॉड्या चढवल्या. लंडनने टाकलेल्या त्या चाश्या एडिंबराच्या रस्त्यांवर पुढे बरीच वर्षं धावल्या.

हे वाचताना मला एक जुनी सही आठवते. मी कॅप्टन असताना ईशान्येकडे होतो. युनिटच्या एका लॉरीवर बोर्ड बसला आणि मी त्याचा सदस्य होतो. तिकडच्या पावसाने हौद्याची चाळण झाली होती, केबिनच्या तळातून रस्ता दिसत होता. आमचे एमटी सुभेदार साहेब तीस वर्षं गाड्यांत घालवलेले. ते खाली झोपून सगळं बघून आले, हात पुसले आणि म्हणाले, "साब, हड्डी अच्छी है. सिर्फ चमड़ी गई है." नियमाने गाडीचं वयही झालं होतं आणि किलोमीटरही. मी 'दुरुस्ती परवडणार नाही' या शेऱ्याखाली सही केली. सही चुकीची नव्हती. पण त्या दिवशी मी खाली झोपून बघितलं नव्हतं, हे मात्र खरं. तेव्हापासून प्रत्येक बोर्डाला आधी खाली झोपून बघतो.

लंडनने मात्र ही गोष्ट युद्धाआधीच ओळखली होती. त्यांची 'आरटी' बस 1939मध्ये तयार झाली आणि युद्धानंतर 1947पासून हजारोंनी आली. एईसी आणि लेलँडच्या चाश्या मिळून जवळजवळ 7 हजार. बॉड्या मुख्यतः पार्क रॉयल आणि वायमनच्या. युद्धात लंडनच्या बस खात्याने पार्क रॉयल, डुपल आणि आणखी दोन कंपन्यांबरोबर मिळून 710 हॅलिफॅक्स बॉम्बर विमानं जुळवली होती. विमानाचा प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्याही विमानाला बसलाच पाहिजे, ही शिस्त बसवाल्यांच्या अंगी आली. आरटीच्या मुख्य बॉड्या साच्यावर अशा बांधल्या की कोणतीही बॉडी कोणत्याही चासीवर बसावी.

मग ऑल्डनहॅमची कार्यशाळा उभी राहिली, युद्धात हॅलिफॅक्स विमानांचं काम झालं त्याच जागेत. तिथे बस आली की बॉडी क्रेनने उचलायची. चासी एका रांगेत, बॉडी दुसऱ्या रांगेत. बॉडीला एका मोठ्या चक्रात घालून कुशीवर वळवायचं आणि तळ धुवायचा. चासीच्या दुरुस्तीला लागणारा वेळ वेगळा, बॉडीला लागणारा वेगळा. एकमेकांसाठी थांबायचं कशाला? जी चासी तयार होईल तिच्यावर जी बॉडी तयार असेल ती बसवायची आणि आलेल्या बसचा नंबर या नव्या जोडीला द्यायचा. म्हणजे सकाळी कार्यशाळेत गेलेली बस त्याच नंबरने बाहेर पडे, पण तिची बॉडीही दुसरी आणि चासीही दुसरी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग वाटलं, आपल्या पलटणी याहून वेगळ्या आहेत का? दोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या बटालियनमध्ये आज असलेला एकही माणूस पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथे नव्हता. मेसमधलं चांदीचं सामान तेच, नाव तेच, युद्धघोष तोच, माणसं सगळी बदललेली. तरी आपण म्हणतोच ना, आमच्या पलटणीने अमुक साली अमुक टेकडी घेतली?

आता जरा आपल्याकडे येऊ. मुंबईत पहिली मोटारबस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली आणि 1937मध्ये दुमजली बस आली. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948ला पुण्याहून अहमदनगरला गेली. चासी बेडफर्डची, बॉडी लाकडी, छत कापडी, गाद्यांत काथ्या. त्या काळात एसटीकडे बेडफर्ड, ॲल्बियन, लेलँड, कॉमर, मॉरिस अशा डझनभर घराण्यांच्या चाश्या होत्या. मॉरिसच्या चासीवर बांधलेल्या 'नीलकमल' आणि 'गिरीआरोहिणी' या दोन आरामगाड्या पुणे-महाबळेश्वर धावत. त्यात पडदे होते, घड्याळ होतं, हिरवट काचा होत्या. घरातली वडीलधारी माणसं त्यांची नावं अजून काढतात.

मद्रासच्या अशोक मोटर्सने लेलँडशी करार केला आणि 1955मध्ये नाव अशोक लेलँड झालं. 1967मध्ये त्यांची दुमजली बसची चासी आली आणि तिचं नाव ठेवलं टायटन. रॅकहॅमच्या टायटनला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. चासी देशी झाली, पण पद्धत तीच राहिली. अशोक लेलँड आणि टाटा चासी देत, बॉडी दापोडीत बांधली जाई, करूरला बांधली जाई, पंजाबात बांधली जाई. बाबांसारख्या हजारो माणसांची घरं या 'दुसऱ्याच्या बॉडी'वर चालली. माझी शाळेची फी आणि खडकवासल्याला जाताना घेतलेली काळी पत्र्याची पेटीही त्यातूनच आली.

ब्रिटनमध्ये मात्र तोवर वारं फिरलं होतं. 1954मध्ये लंडनने 'रूटमास्टर'चा पहिला नमुना दाखवला. ॲल्युमिनियमची बॉडी हाच कणा, स्वतंत्र चासी नाहीच. विमानासारखी. ती उत्तम निघाली, यात वाद नाही. पण पुढे या विचाराचा अर्थ बदलला. 1962मध्ये लेलँडने एईसीचा गट गिळला, 1968मध्ये सगळं मिळून ब्रिटिश लेलँड झालं. त्याच वर्षीच्या कायद्याने नव्या बसच्या किमतीचा चौथा हिस्सा सरकार देऊ लागलं आणि काही वर्षांत निम्मा. अट अशी की बस सरकारला मान्य नमुन्याची हवी. 1972मध्ये 'लेलँड नॅशनल' रस्त्यावर आली. कंबरलँडच्या किनाऱ्याजवळ वर्किंग्टनला नवा कारखाना, एकच नमुना, चासी आणि बॉडी एकत्र. फोर्डच्या गाडीसारखी सारखीच्या सारखी. गिऱ्हाइकाने फक्त रंग आणि लांबी सांगायची.

सात हजारांहून जास्त नॅशनल बांधल्या गेल्या. म्हणजे ती पडली असं म्हणता येणार नाही. गंज तिला कमी लागायचा आणि सांगाडा टिकाऊ होता. पण कारखाना पूर्ण ताकदीने कधी चालला नाही. त्यानंतर 1977मध्ये लेलँडने तशीच एकसंध दुमजली बस काढली आणि तिलाही टायटन हेच जुनं नाव दिलं. लंडनने ती घेतली, इतरांनी पाठ फिरवली. बाकीच्या गावांचं म्हणणं साधं होतं. आमचा बॉडीवाला आम्हाला माहीत आहे, आमच्या पुलांची उंची त्याला माहीत आहे, खिडकी फुटली तर तो दुसऱ्या दिवशी काच देतो. आम्हाला चासी द्या, बाकीचं आम्ही बघतो.

अखेर लेलँडला ऐकावं लागलं. 1980मध्ये त्यांनी 'ऑलिम्पियन' काढली, वेगळी चासी, बॉडी हव्या त्या कारखान्याची. ती खपली. पण तोवर उशीर झाला होता. साउथॉलचा एईसी कारखाना 1979मध्ये बंद झाला, पार्क रॉयल 1980मध्ये, ब्रिस्टल 1983मध्ये, लीड्सचा रो 1984मध्ये आणि लोस्टॉफ्टचा ईस्टर्न कोच वर्क्स 1987मध्ये. पद्धत बरोबर होती हे सिद्ध झालं, ते ती जगवणारी माणसं घरी गेल्यावर. एका मोठ्या कंपनीने सगळे कप्पे एकत्र केले की एक बुडताना दुसऱ्यालाही ओढतो. वेगळे होते तेव्हा एक बुडाला तरी दुसरा उभा राहायचा. आमच्या धंद्यात राखीव साठा एकाच डेपोत ठेवत नाहीत, त्याचं कारण हेच.

रोची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. कारखाना बंद झाल्यावर तिथल्याच काही माणसांनी 1985मध्ये त्याच जागेत नवी कंपनी काढली, नाव 'ऑप्टेअर'. पंचवीस वर्षांनी ती कंपनी अशोक लेलँडने आधी थोडी आणि मग बहुतांश विकत घेतली. 2020मध्ये तिचं नाव 'स्विच' झालं. याच स्विचची विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस फेब्रुवारी 2023मध्ये मुंबईत बेस्टच्या ताफ्यात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुनी डिझेलची दुमजली बस शेवटची धावली.

त्या दिवाळीत रजेवर होतो. बाबांना मुंबईला नेलं आणि सीएसएमटीहून एनसीपीएला जाणाऱ्या त्या नव्या बसमध्ये बसवलं. वरच्या मजल्यावर, अगदी पुढे. मी त्यांना लीड्सचा चार्ल्स रो, सागवानी सांगाडा, बंद पडलेला कारखाना, सगळं सांगत होतो. बाबा ऐकत होते, पण लक्ष दुसरीकडे होतं. त्यांनी खिडकीखालच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला. जोडावरून अंगठा फिरवला.

"रिवेट कुठे दिसत नाही रे," ते म्हणाले.

"नाही बाबा. आता कमी मारतात."

थोडा वेळ गेला. चर्चगेट आलं. मग त्यांनी विचारलं, "आणि खाली चासी कुणाची?"

"सगळं एकाच घरचं आहे बाबा. वर आणि खाली."

"अस्सं," बाबा म्हणाले. पुन्हा एकदा भिंतीवर टकटक केली. "काम चांगलं केलंय पण. कुणी केलं असेल?"